बंदुकीच्या पेटीचं झाकण

माझी अर्धी नोकरी लोकांची पार्सलं परत करण्यात गेली. टपालाच्या पार्सल खिडकीवर मी एकतीस वर्षं बसले. सुतळी ढिली, कोपरा फाटलेला, लोणच्याची बरणी नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, असं काही समोर आलं की मी ते सरळ मागे ढकलायची. धुळ्यात देवपूरला मला ओळखणारे अजून म्हणतात, की बाईंच्या हाताखालून गेलेलं पार्सल गच्चीवरून फेकलं तरी फुटायचं नाही. मला त्यात वावगं काही वाटत नाही. आतली वस्तू कितीही भारी असो, ती पोचते वेष्टनामुळे, आणि पोचल्यावर लोक पहिली वाट लावतात ती वेष्टनाचीच. आमच्या घरीही तेच झालं होतं. फक्त आमच्या पार्सलात बंदूक होती.

ती मागवली माझ्या आजोबांनी. भडगावजवळ गिरणेच्या काठी आमचं शेत, आणि रानडुकरं उसात शिरून नासधूस करायची. बंदूक विलायतेहून बोटीनं मुंबईला आली, तिथून रेल्वेनं आणि स्टेशनापासून बैलगाडीनं घरी. पेटीचं वर्णन मी नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडून इतक्यांदा ऐकलंय की डोळे मिटून ती बांधू शकेन. बाहेर देवदाराची पेटी. आत जस्ताच्या पत्र्याचं अस्तर, समुद्राची हवा लागू नये म्हणून डाख देऊन चारी बाजूंनी बंद केलेलं. त्याच्या आत लोकरीचा नमदा, तेलकट कागद आणि लाकडाचा कीस. पार्सलवाल्या बाईच्या नजरेनं सांगते, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

आजोबांनी बंदूक बाहेर काढली आणि पेटी आजीच्या ताब्यात दिली. आजीनं आयुष्यात कधी काही टाकून दिलं नाही. कीस पाणी तापवायच्या चुलीत गेला. नमदा कापून बैलाच्या खांद्यावर जू काचायचं तिथे बांधला. पत्र्याच्या अस्तराचा ज्वारीच्या पापडांचा, म्हणजे आमच्या बिबड्यांचा, डबा झाला. तेलकट कागदात शेताचे उतारे गुंडाळले गेले आणि पेटीच्या सांगाड्यात कोंबडी अंड्यांवर बसली. राहिलं झाकण. पावणेतीन फूट लांब, वीतभराहून थोडं जास्त रुंद, अंगठ्याएवढं जाड. आजीनं त्याला चार भोकं पाडून घेतली आणि आखाजीला निंबाच्या फांदीवर झोका बांधला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात आणि झोक्यावर बसून सासरचा सगळा उद्धार गाण्यात करून घेतात. मी घरात सगळ्यांत लहान, त्यामुळे माझी पाळी शेवटची. पाळी येईपर्यंत मी निंबाखाली उताणी पडून राहायची आणि फळी माझ्यावरून जायची. तिच्या पोटावर तापल्या लोखंडानं उमटवलेल्या आकड्यांच्या दोन ओळी होत्या. वरची मोठी, खालची लहान. इंग्रजी आकडे मी शाळेत नाही शिकले, त्या फळीखाली शिकले. सात आणि एक यांतला फरक कळायला मला दोन आखाज्या लागल्या.

माझं लग्न झालं आणि घरात झोका घेणारी पोर उरली नाही. त्या वर्षी आत्या फळी मुक्ताईनगरकडे आपल्या सासरी घेऊन गेली, तिच्या मुलींसाठी. बंदूक मात्र घरीच राहिली, आजोबांनंतर नानांच्या नावानं. आता ती आवाज काढण्यापुरतीच उरली होती. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. नाना धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, बंदूक खोळीत घालून जायचे, पावती घ्यायचे आणि निकालानंतर परत आणायचे. ठाण्यातले लोक परवान्यावरचा नंबर बघून वहीत उतरवायचे. बंदुकीवरचा कुणी बघायचंच नाही. नानांना सगळे ओळखत होते.

गेल्या थंडीत निवडणूक लागली तेव्हा मी गावी होते. नाना शहाऐंशीचे, म्हणून मीच त्यांना रिक्षानं तालुक्याला घेऊन गेले. ठाण्यात नवीन फौजदार मॅडम आल्या होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी बंदूक टेबलावर आडवी ठेवली आणि नंबर शोधायला लागल्या.

"नंबर दस्तावर शे, पितळनी पट्टीवर," नाना म्हणाले.

"पट्टी कोरी आहे, आजोबा."

त्यांनी मोबाइलचा उजेड लावला, पट्टी तिरपी करून बघितली, मग माझ्याकडे दिली. पट्टी आरशासारखी गुळगुळीत होती. नंबर तर सोडाच, नंबराची खूणसुद्धा नव्हती. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज न चढवता सगळं समजावून सांगितलं. हत्याराचा नंबर खोडला जातो तो एक तर ते चोरीचं असतं म्हणून, नाही तर बदललेलं असतं म्हणून. परवाना ज्या बंदुकीचा आहे ती हीच, असं त्या कशाच्या आधारावर लिहिणार? बंदूक त्यांनी ठेवून घेतली. नंबर कसा गेला याचा लेखी जबाब आणि बंदूक हीच असल्याचा पुरावा पंधरा दिवसांत आणा, नाही तर मला गुन्हा दाखल करावा लागेल, असं त्या म्हणाल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. मीही त्यांच्या जागी असते तर पार्सल परतच केलं असतं.

नानांना मात्र तो शब्द लागला. ज्या माणसाच्या दारात उभ्या जन्मात पोलीस आला नाही, त्याला शहाऐंशीव्या वर्षी चोरी हा शब्द ऐकावा लागला. घरी आल्यावर टोपी खुंटीला लावून म्हणाले, "लिखी दे, बाई. नंबर मी घासा."

"नाना, नंबर खोडणं गुन्हा आहे. आत टाकतील."

"मंग? परवाना कोना नावना शे?"

"पण घासला तुम्ही नाही ना."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या ओसरीवर पोतं अंथरून घरातली सगळी हत्यारं मांडली जात. विळे, कोयते, नांगराचा फाळ आणि बंदूक. लोखंडाला तेल लावायचं काम पुरुषांचं, पितळ घासायचं बायकांचं. चिंच आणि विटेची पूड. दुसऱ्या दिवशी पूजेत हळदीकुंकू वाहिलं जायचं तेव्हा ती पट्टी सोन्यासारखी दिसायची. पितळ मऊ, नंबर वरवर कोरलेला. कसा गेला ते उघड होतं. मी म्हटलं, "आईनं घासघासून गेला. तसंच लिहू या की. यात लपवायचं काय?"

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तुनी मायनं नाव कागदवर येवाले नको. मी सांगस तेच लिख."

आई जाऊन अकरा वर्षं झाली. गेलेल्या बायकोचं नाव ठाण्याच्या कागदावर येऊ नये म्हणून हा माणूस खोटा गुन्हा कबूल करायला निघाला होता. मला भरून आलं आणि रागही आला. राग जास्त आला, कारण मी माझ्या बापाचीच लेक आहे आणि हटवादीपणा कसा असतो ते मला चांगलं माहीत आहे. त्यांना जबाब द्यायचाय तर देऊ देत, पण त्याआधी पुरावा मी टेबलावर आणून ठेवीन, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, ठेव.

जळगावात बंदुका दुरुस्त करणारे एक जुने मिस्तरी आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्या घरात तीन पिढ्या हेच काम. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं, मॅडमची परवानगी काढली आणि चाचांना घेऊन ठाण्यात गेले. चाचांनी खिशातून दोन छोटे पेचकस काढले, खटक्याच्या बाजूची पट्टी सोडवली आणि आतला भाग उजेडात धरला. तिथे, जिथे कुणाचा हात पोचला नव्हता, एक नंबर स्वच्छ दिसत होता.

मला वाटलं, झालं काम. मॅडमनी नंबर परवान्याशी ताडून बघितला आणि मान हलवली. दुसराच होता.

"दुसराच असणार, मॅडम," चाचा म्हणाले. "हा खटक्याचा. खटका एका कारखान्यात बनला, बंदूक दुसऱ्या. परवान्यावर बंदुकीचा नंबर असतो, खटक्याचा कोण लिहितो? दोन्हींची सोयरीक पेटीवर लिहिलेली असते." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ओरिजिनल पेटी कुठाय, बेटी?"

पेटी बैलाच्या खांद्यावर होती, चुलीत होती, कोंबडीखाली होती. एकतीस वर्षं मी लोकांना वेष्टनावरून बोलले आणि आमच्या घरात बंदुकीचं विलायती वेष्टन आम्ही पापडात घातलं. मी हे सगळं खरंखरं सांगितलं, तेव्हा मॅडमना हसू आवरलं नाही. चाचा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि झाकण? नंबर झाकणाला आतून टाकतात."

तेव्हा मला फळीचं पोट आठवलं. दोन ओळी. वरची मोठी, खालची लहान. आकडे कोणते ते आठवेना, कितीही जीव तोडला तरी सात आणि एक एवढंच डोळ्यापुढे यायचं. पण ओळी दोन होत्या याबद्दल मी कुठल्याही देवापुढे हात ठेवला असता. मॅडमनी तारीख बघितली. "आठ दिवस आहेत, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी निघाले, जळगावला गाडी बदलून मुक्ताईनगर आणि तिथून पुढे आत्याच्या गावी. आत्या नानांहून सात वर्षांनी धाकटी. कान तल्लख आणि जीभ त्याहून. मी चहा व्हायच्या आधीच फळीचं विचारलं.

"फयी? ती कोठे जास? माळावर शे," आत्या म्हणाली आणि तिच्या सुनेनं ती माळ्यावरून काढून आणली.

फळी हिरवीगार होती. दोन्ही बाजूंनी, कडांसकट, चकचकीत तैलरंग. दिवाळीला दारं रंगवली, डब्यात थोडा रंग उरला, वाया कशाला घालवायचा म्हणून फळीला दिला. आजीच्या रक्ताची माणसं दुसरं काय करणार? मी फळी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले आणि मला खरोखर रडू आलं. इतक्या लांब येऊन हातात दार आल्यासारखं वाटत होतं.

रडताना हात रिकामा राहत नाही, तो फळीवरून फिरत होता. फिरता फिरता बोटाला खळगा लागला. मग दुसरा. लोखंडानं जाळलेले आकडे ते, रंगानं बुजले होते पण भरले नव्हते. मी आत्याच्या सुनेकडे मूठभर पीठ मागितलं. तिला वाटलं मला भूक लागली. बाजरीचं पीठ मी फळीवर पसरलं, तळहातानं दाबून चोळलं आणि कोरड्या फडक्यानं वरचं पुसून घेतलं. हिरव्या रंगावर दोन ओळी उठून आल्या. मी पिशवीतून परवान्याची झेरॉक्स काढली. वरची ओळ, आकड्याला आकडा, परवान्याची. खालची खटक्याची. तीन वेळा ताडून बघितलं, खिडकीवर बघायची तसं, उजवीकडून डावीकडेसुद्धा.

आत्या हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती. "लई जाय," ती म्हणाली, "पन आखाजीले परत पाहिजे. नातीनी पोरगी येनार शे, पहिलाच झोका शे तिना."

मी शब्द दिला. मग हलकं वाटल्यामुळे बोलत सुटले. नाना कसे अडून बसलेत, आईनं नंबर घासला हे कागदावर येऊ द्यायला कसे तयार नाहीत, सगळं सांगितलं. आत्यानं मला मध्येच थांबवलं.

"कोनी घासा? वहिनीनी? वहिनी त्या बंदूकले हात बी नही लावे. भ्याये ती. कुकू बी दूरथीन टाके." आणि माझ्या कपाळावर हलकेच टिचकी मारून म्हणाली, "तूच घासे ना, माय. तोंड दखायेस्तोवर घासे."

आत्याचं बोलणं संपायच्या आतच मला ती पट्टी दिसली होती. तिच्यात माझं तोंड दिसायचं. नाक फुगलेलं, कान लांब गेलेले. मला त्याची गंमत वाटायची. दसऱ्याला तर मी घासायचीच, पण नाना महिन्या-दोन महिन्यांनी नळी साफ करायला बसले की पितळाचा वाटा माझा. सातव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत. त्या आकड्यांच्या खाचांत काळपट बसायचं आणि ते माझ्या डोळ्यांत सलायचं. मी काडीला चिंध्या बांधून ते कोरायची. एका दसऱ्याला खाचा लागेनाशा झाल्या तेव्हा मला आनंद झाला होता, आता काळं धरणार नाही म्हणून. नाना शेजारीच बसलेले असायचे. "पुरे आते, बाई," म्हणायचे. मी म्हणायची, अजून एक कोपरा राहिलाय.

हे सगळं मी विसरले होते, आणि विसरून आईच्या नावावर टाकलं होतं. नाना विसरले नव्हते. आईचं नाव नको असं ते म्हणाले, कारण तिचं नाव निघालं असतं तर पुढचं नाव माझं निघालं असतं. जिवंत माणसावर गुन्हा लागतो. येताना पूर्ण रस्ता मी फळी मांडीवर उभी धरून बसले होते. कंडक्टरनं ती वर ठेवायला सांगितली तर त्यालाच बोलले.

घरी आल्यावर मी नानांना एवढंच सांगितलं की फळी मिळाली. बाकीचं ठाण्यातच सांगायचं ठरवलं होतं, कारण घरी सांगितलं असतं तर ते ठाण्यात आलेच नसते.

दोन दिवसांनी आम्ही गेलो. चाचाही आले. मी डब्यातून पीठ नेलं होतं. फळीवर चोळलं, मॅडमनी परवाना बघितला, चाचांनी खटका उघडून दाखवला, मॅडमनी दोन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या. मग त्यांनी कागद पुढे केला. "आता नंबर कसा गेला तेवढं लिहा."

"लिख," नाना म्हणाले. "नंबर मी घासा."

मी लिहायला घेतलं. पार्सलावर पत्ता लिहायचे तशा ठळक अक्षरात, कुणालाही वाचता यावं म्हणून. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं. दस्त्यावरील पितळी पट्टीचा नंबर मी, परवानाधारकाची मुलगी, हिने लहानपणापासून लग्नापर्यंत चिंच आणि विटेच्या पुडीनं पट्टी घासल्यामुळे झिजून गेला. यात माझ्या वडिलांचा काही दोष नाही. जे काही होईल ते मला व्हावं. नानांनी कागदावर हात ठेवला, सही करू द्यायची नाही म्हणून. म्हातारा हात, पण शेतकऱ्याचा. मी तो उचलून बाजूला ठेवला आणि सही केली.

मॅडमनी जबाब दोनदा वाचला. मग विचारलं, "सात वर्षांच्या असताना?"

"सुरुवात तेव्हा केली. नंतर वाढत गेलं."

त्यांनी जबाबावर शिक्का मारला. बंदूक तीच असल्याचा पंचनामा झाला, नवीन नंबर पितळेवर नाही तर लोखंडावर ठोकायची मंजुरी त्या वर मागतील आणि मिळाली की चाचा तो ठोकतील, असं ठरलं. गुन्ह्याचा विषयच निघाला नाही. मी उठायला लागले आणि फळी काखेत घेतली, तर मॅडम म्हणाल्या की फळी पुरावा आहे, ती जमा करावी लागेल.

मी परत बसले. फोटो काढा, म्हटलं, कागद ठेवून पेन्सिलीनं आकडे उमटवून घ्या, त्यावर पंचांच्या सह्या घ्या, मागाल तेव्हा फळी हजर करीन असं लिहून देते. पण फळी आखाजीला झोक्यावर पाहिजे, मी शब्द दिलाय. मॅडमनी साहेबांना फोन लावला. साहेब जेवायला गेले होते. मी म्हटलं मी बसते, मला बसायची सवय आहे, एकतीस वर्षं तेच केलं. नाना बाकावर माझ्या शेजारी बसले, टोपी मांडीवर घेऊन. दीड तासानं साहेबांचा होकार आला.

बाहेर ऊन तापलं होतं. रिक्षा यायची होती. मी फळी दोघांच्या मध्ये उभी धरली आणि विचारलं, "नाना, तुम्हाला ठाऊक होतं ना, मीच घासायची ते?"

"माले काय ठाऊक," नाना रस्त्याकडे बघत म्हणाले. मग त्यांनी फळीवर राहिलेलं पीठ धोतराच्या सोग्यानं पुसलं. "नवा नंबर लोखंडवर टाकतीन ना?"

"हो."

"बरं व्हयनं. आते दसराले ये. कितला बी घास."